कोणासाठी छापले आणि कोणाच्या पैशाने, हे वाचकाला कळू द्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतरही सकाळी साडेसातला मुक्तद्वार विभागाचे कुलूप उघडण्याचे काम मी आवडीने करतो. गठ्ठा सोडायचा, प्रत्येक दैनिकाच्या पोटातल्या पुरवण्या काढून मूळ अंकाला टाचायच्या, वर वाचनालयाचा शिक्का मारायचा आणि उतरत्या मेजांवर अंक लावायचे, अशा रीतीने ९ दैनिके रोज माझ्या हाताखालून जातात. आपले दैनिक त्यांत मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे. एवढ्या वर्षांत संपादकांना पत्र लिहावे असे कधी वाटले नव्हते. गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगाने ते लिहायला भाग पाडले.

आमच्या वाचनालयाच्या एक जुन्या सभासद आहेत. अंगणवाडीतून सेविका म्हणून निवृत्त झाल्या, रोज न चुकता अकराच्या सुमारास येतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंक वाचतात. गेल्या महिन्यात त्या जवळजवळ पंधरा दिवस दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता आणि हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. एका दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावरचा तीन स्तंभांचा मजकूर, त्यात पांढऱ्या कोटातील एका गृहस्थांचे छायाचित्र, आणि मधुमेहाच्या गोळ्या कायमच्या सुटतील अशी खात्री. त्या मजकुरावर विश्वास ठेवून त्यांनी ६,४०० रुपयांचे चूर्ण मागवले आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत साखर इतकी चढली की त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. मी त्यांना फक्त एवढेच विचारले की, ही जाहिरात आहे हे आपल्या लक्षात कसे आले नाही. त्या म्हणाल्या, “जाहिरात कुठली भाऊ, पेपरात लेख आला होता म्हणून तर घेतलं.”

संदर्भ विभागात बारीक टाइपाच्या कोशांसाठी आम्ही एक भिंग ठेवले आहे. ते घेऊन मी कात्रण पुन्हा पाहिले. मथळ्याचा टाइप बातमीचाच होता. मजकुराचा टाइपही बातमीचाच होता, दोन ओळींतले अंतरसुद्धा तेच. सुरुवात गावाच्या नावाने केलेली होती, जशी बातमीची करतात. फक्त उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या रेघेला चिकटून, करड्या रंगात जाहिरात या अर्थाचे इंग्रजी लघुरूप होते. ते मला भिंगाखाली दिसले. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आणि चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता न येणाऱ्या वाचकाला ते दिसावे, दिसले तरी वाचता यावे आणि वाचले तरी त्याचा अर्थ लागावा, अशी कोणाचीही अपेक्षा नसणार. ते अक्षर वाचकासाठी छापलेलेच नव्हते. उद्या कोणी तक्रार केली तर दाखवायला असावे म्हणून ते छापले होते. हा माझा आरोप कठोर आहे याची मला जाणीव आहे, पण दुसरे कोणतेही कारण मला सुचत नाही.

‘जाहिरात’ हा शब्द आमच्या गावात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. जाहिरात म्हटले की माणूस सावध होतो. विकणारा आपल्या मालाला चांगलेच म्हणणार हे त्याला माहीत असते. बातमी म्हटले की तोच माणूस सावधपणा बाजूला ठेवतो, कारण सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ नाही असे त्याला वाटते. हा विश्वास मराठी वर्तमानपत्रांनी पिढ्यानपिढ्या कमावलेला आहे. तोच विश्वास स्तंभ-सेंटिमीटरच्या दराने तिऱ्हाइताला वापरायला दिला जात असेल, तर आधी वाचकाला सांगायला हवे, कारण विश्वास त्याचा आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे, त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे, आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही कोणताही भाग घेऊ नये असे त्यात म्हटले आहे. म्हणजे छापणाराही त्यातून सुटत नाही. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या (प्रेस कौन्सिलच्या) आचारसंहितेतही जाहिरात आणि बातमी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत असे नमूद आहे. मात्र परिषद ताकीद देऊ शकते, निर्भर्त्सना करू शकते, त्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. त्यामुळे हा प्रश्न शेवटी संपादकांच्या टेबलावरच येतो, आणि म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

वर्तमानपत्राने वाचकाचे मत घडवू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मराठी वृत्तपत्रांचा सगळा इतिहास मत घडवण्याचा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा शेजारी-शेजारी स्तंभांत, कारण एतद्देशीय लोक आणि राज्यकर्ते हे दोन्ही वाचक त्यांना हवे होते. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ ही दोन पत्रे एकाच मंडळींनी, दोन वेगळ्या वाचकांसाठी सुरू केली. आगरकरांचे विचार ‘केसरी’त मावेनासे झाले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याही आधी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी बहुजन समाजासाठी ‘दीनबंधु’ सुरू केला होता. १९५६ च्या नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठीच, आणि ही गोष्ट त्यांनी कोणापासून लपवली नाही. या प्रत्येक पत्राने आपला वाचक ठरवून निवडला होता, त्याला आपल्या बाजूला वळवण्याचा मनापासून प्रयत्न केला होता, आणि घेणाऱ्याला तो काय घेतो आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

या परंपरेला काळी बाजूही आहे, आणि तीही माझ्या मुद्द्याचीच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, मुंबई इलाख्यातील बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नाही. त्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजण्याची तयारी असतानाही ‘केसरी’ने छापली नव्हती, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे वाचकावर प्रभाव टाकण्याचे सर्वांत परिणामकारक साधन छापलेला शब्द हे नसून न छापलेला शब्द हे आहे, याचा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. काय दाखवायचे यापेक्षा काय दाखवायचे नाही, हे ठरवणाऱ्याच्या हातात वाचक जास्त असतो.

आज हे न दाखवणे आवृत्त्यांच्या वाटणीतून कसे घडते, ते मी स्वतः पाहिले आहे. कांद्याची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झाली. त्याआधी ऑगस्टमध्येच ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते. बंदीच्या बातमीने लासलगावसह जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, आणि आमच्या वाचनालयात त्या दिवशी सकाळी बसायला जागा नव्हती. योगायोगाने माझा भाचा त्याच आठवड्यात मुंबईहून आला आणि येताना एका दैनिकाची मुंबई आवृत्ती घेऊन आला. त्याच दैनिकाची, त्याच तारखेची नाशिक आवृत्ती आमच्या फाइलमध्ये होती. मी दोन्ही अंक एका मेजावर शेजारी-शेजारी ठेवले. आमच्या आवृत्तीत पहिल्या पानावर सहा स्तंभांत उत्पादकाचा संताप होता, बंद पडलेल्या लिलावाचे मोठे छायाचित्र होते, आणि आतल्या एका पानभर शेतकऱ्यांच्या प्रतिक्रिया होत्या. मुंबईच्या आवृत्तीत तीच बातमी दोन स्तंभांत होती आणि तिचा सूर असा होता की भाव आवाक्यात येणार, गृहिणींना दिलासा मिळणार. छायाचित्र भाजीबाजारातले होते.

दोन्ही बातम्यांत खोटे काहीही नव्हते. बंदीने शहरात भाव उतरणार होते हे खरे आणि शेतकऱ्याचे नुकसान होणार होते हेही खरे. परंतु मुंबईच्या वाचकाला हे कोणी सांगितले नाही की, डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. उन्हाळ कांद्यासारखा तो चार-पाच महिने साठवून भावाची वाट पाहता येत नाही. शेतातून निघाला की मिळेल त्या भावाने विकावाच लागतो, आणि म्हणून डिसेंबरात लागलेली बंदी एप्रिलात लागलेल्या बंदीपेक्षा फार वेगळा घाव घालते. तसेच आमच्या वाचकालाही हे कोणी सांगितले नाही की, महिना पंधरा-वीस हजारांवर घर चालवणाऱ्या गोवंडीतल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या बाईला कांद्याचा किलोमागे वाढलेला दर कसा लागतो. आमच्याकडे त्या दिवशी बसलेले लोक शहरातल्या माणसाला शिव्या देत होते. माझा भाचा, जो त्याच घराण्यातला आहे आणि ज्याचे आजोबा कांदाच पिकवत होते, तो मला विचारत होता की बंदीमुळे एवढा गदारोळ कशासाठी. एकच दैनिक वाचणारी, एकच भाषा बोलणारी, एकाच कुटुंबातली माणसे दोन वेगळ्या देशांत राहत असल्यासारखी बोलत होती. बंदी पुढे ४ मे २०२४ रोजी उठली, पण तोवर तो हंगाम निघून गेला होता.

स्थानिक आवृत्तीला माझा विरोध नाही. आमच्या धरणातून आवर्तन कधी सुटणार हे मुंबईच्या अंकात येणार नाही आणि येऊही नये. ३० वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याची बातमी आठवड्यातून एकदा आली तरी आम्ही ती कापून फलकावर लावत असू. आता रोज दोन-तीन पाने मिळतात, ही मोठीच सोय झाली आहे. मात्र जो प्रश्न दोघांचा आहे, ज्यात एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून येतो, तो प्रश्न प्रत्येकाला त्याच्याच बाजूने सांगितला, तर वर्तमानपत्र वाचकाला माहिती देत नाही, त्याची जी भावना आधीपासून आहे तीच त्याला घट्ट करून परत देते. वाचकाला ते आवडते. ती भावना घेऊन तो उद्याही अंक विकत घेतो. मोबाइलवर तर ही वाटणी आवृत्तीपुरतीही राहिलेली नाही. आदल्या दिवशी ज्यावर बोट ठेवले त्याच प्रकारचे मथळे दुसऱ्या दिवशी वर येतात, आणि शेजारी बसलेल्या दोघांचे पहिले पान निराळे असते.

असे का होते, याचे कारण मला वाटते पैशाच्या वाटेत आहे. अंकाच्या किमतीतून कागदाचा आणि छपाईचा खर्च निघत नाही हे उघड आहे. उरलेले पैसे जाहिरातदार देतो, आणि तो पैसे देतो ते वाचकासाठी. त्याला कोणता वाचक हवा, याची मोजपट्टी ठरलेली आहे. २०११ पासून आपल्या देशात कुटुंबांची जी ग्राहकवर्गवारी वापरली जाते, ती दोनच गोष्टींवर उभी आहे: घरातील मुख्य मिळवत्या व्यक्तीचे शिक्षण आणि घरात ठरावीक ११ वस्तूंपैकी किती आहेत याची संख्या. वीजजोड, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत दूरदर्शन संच, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, संगणक, चारचाकी, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन अशी ती यादी आहे. या मोजणीत पिढ्यानपिढ्या कसलेली शेतजमीन आणि छताचा पंखा यांची नोंद सारखीच, एकेक म्हणून होते. त्यातून प्रत्येक घराला ए-१ पासून ई-३ पर्यंतची एक श्रेणी मिळते. आमच्या मुक्तद्वार विभागात येणारा शेतमजूर तासभर अग्रलेख वाचत असला, तरी या हिशेबात तो तळाला असतो. त्याच्या घरी अंक येत नाही, आणि आला तरी त्याला दाखवायला जाहिरातदाराकडे काही नसते. मग कोणत्या शहराला रंगीत पुरवणी मिळते, घरसजावटीला किती पाने आणि रोजगार हमीला किती ओळी, हे ठरवायला कोणाच्या आज्ञेची गरज उरत नाही.

ही मोजणी वृत्तपत्रांना स्वतःला किती महत्त्वाची वाटते, हे २०१४ च्या जानेवारीत दिसले. त्या वेळी जाहीर झालेल्या भारतीय वाचक सर्वेक्षणाविरुद्ध देशातील १८ वृत्तपत्रसमूहांनी एकत्र येऊन निवेदन काढले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत आपल्या नागपूरचेही एक होते: ६० हजारांहून अधिक प्रमाणित खप असलेल्या ‘हितवाद’ या इंग्रजी दैनिकाला त्या पाहणीत एकही वाचक सापडला नव्हता. त्यांची तक्रार योग्यच होती. माझ्या मनात तेव्हा आले आणि अजूनही आहे ते एवढेच की, वाचकांची संख्या चुकली तेव्हा एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले १८ समूह काही दिवसांत एकत्र आले, तसे ते वाचकाची फसवणूक थांबवण्यासाठी आजवर आलेले नाहीत.

तसे एकत्र येण्याची वेळ तर त्याआधीच येऊन गेली होती, आणि तीही आपल्याच राज्यात. १३ ऑक्टोबर २००९ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीच्या काळात मराठी दैनिकांत उमेदवारांच्या स्तुतीचा जो मजकूर बातमी म्हणून छापला गेला, तो पैसे घेऊन छापला असल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षाअखेरीस मांडले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत एका नेत्याविषयी शब्दशः एकच मजकूर आल्याचे त्यांनी दाखवले होते. वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल नावांसह दिला. परिषदेने मात्र २०१० मध्ये त्याचे नावे वगळलेले संक्षिप्त रूप जाहीर केले. मूळ अहवाल लोकांपुढे येण्यासाठी माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ साल उजाडले. पैसे देऊन बातमी छापणे हा आजही निवडणूक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा नाही. उमेदवाराने तो खर्च हिशेबात दाखवला नाही, एवढ्यापुरतीच कारवाई होऊ शकते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव २०११ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या त्या अशाच हिशेबावरून. ज्या वाचकाने ती बातमी खरी मानून मत दिले असेल, त्याचा या सगळ्या कारवाईत कुठे उल्लेखही नाही. त्याच सुमारास काही माध्यमसमूह जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे भागभांडवल घेतात हेही चर्चेत आले आणि २०१० साली शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने अशा हितसंबंधांची माहिती बातमीसोबत उघड करावी अशी भूमिका घेतली. आमच्यासारख्या गावात हा प्रकार कळायला कठीण आहे, पण त्याचे छोटे रूप मी रोज पाहतो.

ते रूप म्हणजे वर्धापनदिनाची आणि वाढदिवसाची पुरवणी. आमच्या वाचनालयात संध्याकाळी दोन-तीन तालुका वार्ताहर बसून बातम्या पाठवतात. ही मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि त्यांना मिळणारे मानधन मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरत नाही. वर्षातून दोन-तीन वेळा त्यांना पुरवणीसाठी जाहिरातींचे टार्गेट येते आणि त्यावरील कमिशन हीच त्यांची खरी कमाई असते. एका वार्ताहराने बाजार समितीच्या काट्यात मापात खोट येत असल्याची बातमी माझ्यासमोर लिहिली होती. कागदपत्रे त्याच्याजवळ होती, दोन शेतकऱ्यांच्या पावत्या मी स्वतः पाहिल्या होत्या. त्याच आठवड्यात त्याला त्याच समितीकडे अर्ध्या पानाच्या शुभेच्छा जाहिरातीसाठी जायचे होते. त्याने बातमी पाठवली नाही. दहा दिवसांनी पुरवणी आली, तिच्यात त्या समितीच्या कारभाराचा गौरव करणारा लेख होता, आणि त्या लेखाखाली लेखक म्हणून त्याच मुलाचे नाव होते. त्या दिवसापासून तो आमच्याकडे आला की माझी नजर टाळतो. त्याला मी दोष देऊ शकत नाही. बातमीदाराला आणि जाहिरात-प्रतिनिधीला एकाच माणसात कोंबण्याची व्यवस्था त्याने केलेली नाही.

आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक ओळ असते की वृत्तनिवडीची कायदेशीर जबाबदारी संपादकांची आहे. वर्गीकृत जाहिरातींच्या पानावर दुसरी ओळ असते की जाहिरातीतील दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी. मी दोन्ही ओळी गंभीरपणे घेतो. परंतु खातरजमा वाचकाने करायची असेल, तर ज्याची करायची ती जाहिरात आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. यासाठी मी मागतो ते फार नाही. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर, मग तो अर्ध्या पानाचा असो की दोन इंचांचा, वरच्या बाजूला काळ्या शाईत आणि मजकुराच्या उपमथळ्याएवढ्या टाइपात ‘जाहिरात’ एवढा मराठी शब्द छापावा. इंग्रजी लघुरूप, ‘उपक्रम’, ‘विशेष सहयोग’ किंवा ‘प्रायोजित’ हे शब्द त्याची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांचा अर्थ ज्याला समजावून सांगावा लागतो, त्याच्यासाठी तो शब्द निरुपयोगी आहे. पुरवणीतील गौरवपर लेखांनाही हाच नियम लागावा, आणि ज्या वार्ताहराने त्या संस्थेची जाहिरात आणली त्याच्याकडे त्या संस्थेच्या बातम्या देऊ नयेत. यात उत्पन्न घटेल हे मला समजते. कदाचित तालुक्याला एक वार्ताहर कमीही करावा लागेल. तरी मला तो सौदा महाग वाटत नाही.

अक्षरांच्या आकाराचा हट्ट मी उगाच धरलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा दिल्याचे सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की तुमच्या जाहिराती ज्या आकाराच्या असतात त्याच आकाराचा हा माफीनामा आहे का. दुसऱ्या दिवशी मोठ्या आकाराचे माफीनामे आले. आमच्या वाचनालयात ते दोन्ही दिवसांचे अंक लोकांनी शेजारी धरून पाहिले. पहिल्या दिवशी तो कोणाच्या नजरेला पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचला. वर्तमानपत्रांचे स्वतःचे दुरुस्तीनिवेदनही याच मापाने मोजले जावे: पहिल्या पानावरची चूक आतल्या पानाच्या तळाशी दुरुस्त होत नाही.

आवृत्त्यांविषयी माझी विनंती याहूनही साधी आहे. कांदा, ऊस, दूध, धरणाचे पाणी, महामार्गासाठी जाणारी जमीन, अशा ज्या प्रश्नांत शहर आणि शेत समोरासमोर येतात, त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या आवृत्तीतील मुख्य बातमीसुद्धा, निदान चौकटीत, त्या आवृत्तीचे नाव घालून छापावी. आमच्या नगर-नाशिकच्या पाण्यावरून मराठवाड्याशी दर दोन-तीन वर्षांनी वाद होतो. जायकवाडीच्या खालच्या गावात त्या दिवशी काय छापून आले, हे आमच्या लोकांनी आजवर कधी वाचलेले नाही, आणि आमचे त्यांनी वाचलेले नाही. आपल्याकडे दोन्ही बातम्या तयार असतात, एकाच संगणकात असतात, त्यासाठी वेगळा बातमीदार पाठवावा लागत नाही.

त्या ताई आता पुन्हा येतात. वाचतात पूर्वीसारख्याच, पण परवा त्यांनी माझ्याकडून ते भिंग मागून घेतले आणि अंकाचे प्रत्येक पान कोपऱ्यापासून तपासले. गोदावरीच्या पाण्याची बातमी वाचतानाही त्यांनी चौकटीवर भिंग धरले होते.

पत्र लांबले आहे. जागेअभावी ते कापावे लागले तर माझ्या वाचनालयाविषयीचा मजकूर कापावा, इतिहासाचा परिच्छेदही गेला तरी चालेल, परंतु कांद्याचा भाग ठेवावा. आणि एक आग्रहाची विनंती आहे: वाचकांच्या पत्रांचे पानही अलीकडे आवृत्तीनुसार वेगळे निघते असे मला दिसते. हे पत्र फक्त नाशिकच्या आवृत्तीत न छापता मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्त्यांतही छापावे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
नाशिक जिल्हा